माळ पायाशी आली

आमच्या मुर्री गावात कावीळ उतरवणारा एक माणूस होता. पांढरा फेटा, तोंडात कायम विडा आणि ऐट मात्र गोऱ्या सिव्हिल सर्जनची.

माझ्या वडिलांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पित्ताच्या वाटेत गाठ दिसते. नागपूरला न्या."

हा कावीळ उतरवणारा पोटाला बोटही न लावता हसला. ओल्या काड्यांची माळ त्यानं वडिलांच्या डोक्यावर बसवली. ती वाढत खाली येईल तशी कावीळ उतरेल, असं त्याचं शास्त्र. रोज येऊन तो निकाल सांगे, "छातीपर्यंत आली. आता बेंबीपर्यंत. कायले घाबरता जी, उतरून राहिली ना!" घरच्यांनी नागपूरचा विचार सोडला.

माळ पायाशी आली त्याच दिवशी वडील गेले. तिरडी बांधत असताना हा आला, माळ उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "कावीळ त पुरी उतरली होती जी. मानूसच थांबला नाही."

जमलेल्यांनी माना डोलावल्या!

पुढे त्याचीच एक ओली माळ मी ओसरीच्या खांबाला घातली. काड्या सुकल्या, गाठी सैल पडल्या, माळ घसरत पायथ्याशी आली. खांब मात्र अजून उभा आहे.