गरम मोटर

माझ्या टॅक्सचं काम बघणारे गृहस्थ मशीनचा घसारा ऑफिसात बसून काढत नाहीत. मार्च संपत आला की स्कूटरवरून एमआयडीसीतल्या माझ्या कारखान्यात येतात, चप्पल दाराशी काढतात आणि बियाणं साफ करायच्या एकेका मशीनच्या मोटरीवर तळहात ठेवतात. वर्षात जी चालली तिचाच घसारा धरता येतो, आणि तेवढा टॅक्स वाचतो. "बराबर, चालून राह्यली," असं पुटपुटत ते पुढं सरकतात. माणसांना मात्र त्यांचा हात कधी लागत नाही, लांबूनच नमस्कार.

यंदा कोपऱ्यातली नवी मशीन आणल्यापासून बंदच होती, कारण वीज वाढवून मिळाली नव्हती. ते येणार म्हणून मी सकाळी भाड्याचा जनरेटर लावून ती तासभर रिकामीच फिरवली. जनरेटर परत पाठवला, तरी त्याची धडधड माझ्या छातीत राहिली.

त्यांनी मोटरीवर हात ठेवला. नेहमीचं "बराबर" आलं नाही. मग वळून, पहिल्यांदाच, त्यांनी माझा हात हातात घेतला.

"शेठ, मोटर तर गरम आहे," ते हळूच म्हणाले. "मंग तुमचा हात का थंडगार पडला?"