नर्सबाईंच्या घराचे पाच कॅमेरे

बालाघाटात कुणाला घर विकायचं असलं, की तो आधी भोजराजभाऊंना गाठतो. भाऊंनी एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. कुठल्या फाटकाची कडी आतून अडकते, कुठल्या घरी दुपारी दार उघडत नाहीत, कुठल्या अंगणात पावसाळ्यात घोटाभर पाणी साचतं, हे सगळं त्यांच्या पायांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर तेच कामी आलं. पाटी नाही, दुकान नाही. एक जुनी स्कूटर आणि खांद्यावर गमछा, एवढाच धंद्याचा पसारा.

त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला खोल्या दाखवून झाल्या, की ते घरमालकाला म्हणत, "चला, नुक्कडवर चहा घेऊन येऊ." गिऱ्हाइकाचं कुटुंब घरात एकटं राहायचं. पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात त्या कुटुंबाचं भांडण झालं पाहिजे, असं भाऊंचं मत. फ्रिज कुठं ठेवायचा, सासूची खाट कुठं, पोराच्या अभ्यासाला कुठली खिडकी. "जे लोक 'बहुत बढिया, बहुत बढिया' म्हणत निघते, ते परत येत नाही," भाऊ सांगत. "जे भांडते, ते घर घेते." चहाहून परतताना ते फाटकापाशी थांबून कानोसा घेत. आतला आवाज चढलेला असला, तर मागं फिरून आणखी एक चहा सांगत.

या रितीवर त्यांनी चाळीसेक घरं विकली होती. गायखुरी मोहल्ल्यातलं नर्सबाईंचं घर मात्र हलेना.

नर्सबाई म्हणजे सत्यभामा मेश्राम. किरनापूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. नवरा वारला, एकुलता एक लोकेश नोकरीसाठी हैदराबादेत गेला, आणि बाई गायखुरीतल्या चार खोल्यांत एकट्या उरल्या. त्यांचं मन किरनापुरात होतं. दवाखान्यात आया असलेली चंपाबाई तिथं राहते. दोघींनी मिळून निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केलेली. चंपाबाईच्या भिंतीला भिंत लागून नथ्थूचं दोन खोल्यांचं घर होतं. नथ्थू ते विकून लेकीकडे खैरलांजीला जाणार होता. त्यानं नर्सबाईंना शब्द दिला होता, "धान कापून, चुरून होईपर्यंत थांबतो बाई. मंग जो येईन त्याले देईन."

लोकेशचंही ठरलं होतं. धान निघेपर्यंत बालाघाटचं घर विकलं, तर आईनं किरनापूरला जावं. नाही तर हैदराबादेत, त्याच्याकडे, अकराव्या मजल्यावर.

"तिथं खाली पाह्यलं तर माणसं दिसते," नर्सबाई भाऊंना म्हणाल्या, "पण हाक कोणाले मारू?"

घरात खोट नव्हती. विहीर गोड, छत नवं, फाटकापर्यंत चारचाकी येते. फक्त एक गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी ओल्या अंगणात नर्सबाई पाय घसरून पडल्या आणि बराच वेळ तशाच पडून राहिल्या. तेव्हा लोकेशनं येऊन पाच कॅमेरे बसवले. फाटकावर, पडवीत, पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी आणि मागच्या अंगणात. चित्र त्याच्या फोनमध्ये दिसायचं, आवाजही जायचा, आणि वाटलं तर तो तिथून बोलायचा.

पहिलं गिऱ्हाईक एक ठेकेदार. त्यानं पाचही कॅमेरे बोटानं मोजले आणि विचारलं, "यहाँ कुछ हुआ था क्या, भैया?"

"काही नाही साहेब. सुरक्षेसाठी आहे."

"सुरक्षा वहीं लगती है जहाँ डर हो," असं म्हणून तो गेला. जाता जाता शेजाऱ्यांकडे चोरीची चौकशीही करून गेला.

दुसरा वारासिवनीचा दुलीचंद, तांदळाचा व्यापारी. त्याला कॅमेरे फार आवडले. रात्रीचं किती स्पष्ट दिसतं, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, तार कुठून नेली, सगळं त्यानं विचारून घेतलं. भाऊंना वाटलं, जमलं! आठ दिवसांनी कळलं, की त्यानं वारासिवनीच्या आपल्या जुन्याच घराला तस्सेच पाच कॅमेरे लावून घेतले आणि आता बालाघाटला यायची गरज उरली नाही म्हणाला.

तिसरं कुटुंब कोपऱ्यात उभं राहून छताकडे पाहत कुजबुजत होतं. तेवढ्यात कॅमेऱ्यातून आवाज आला, "अंकल, छत पिछले साल ही नया करवाया है." त्या गृहस्थांनी हात जोडून भिंतीला नमस्कार केला आणि चपला हातात घेऊनच फाटक गाठलं.

भाऊंना आता घर विकण्याइतकंच हेही कोडं पडलं. टपालात असताना नाव बरोबर, पत्ता चुकलेलं पाकीट ते आठ-आठ दिवस खिशात बाळगून विचारत फिरायचे. तसंच आताही सुरू झालं. कॅमेरे पाहून माणूस घराजवळ येतो की दूर पळतो? काली पुतली चौकात पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कॅमेरा म्हणजे भारी घर. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, कॅमेरा म्हणजे वाईट मोहल्ला. एका मास्तरांनी अर्धा तास दोन्ही बाजू समजावून सांगितल्या आणि शेवटी "परिस्थितीवर अवलंबून आहे" म्हणाले.

उत्तर घरातच मिळालं. भाऊंची बायको अनुसया वाल सोलत बसली होती. नवऱ्याचं पुराण ऐकता ऐकता तिनं विचारलं, "तुमी घरमालकाले चहाले काहून नेता?"

"आता हे का विचारणं झालं! लोकांले मोकळं बोलता यावं म्हणून."

"मंग नर्सबाईले नेता, अन् तिचा पोरगा तर भिंतीवर बसूनच राह्यते ना? त्याले कोण चहा पाजते?"

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिले. तीन महिने ते नर्सबाईंना नेमानं नुक्कडवर नेत होते, आणि मालक घरातच ठेवून येत होते. घरमालकासमोर कोण भांडेल? आणि भांडण नाही, तर घर कसलं!

"एवढी मोठी गोष्ट तू मले आतापर्यंत सांगितली काहून नाही?"

"तुमी मले विचारलंच कुठं? आधी न्हाव्याले विचारलं."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी लोकेशला फोन लावला. गिऱ्हाईक येईल तेवढा वेळ कॅमेरे बंद ठेव म्हणाले. लोकेशनं साफ नाही सांगितलं. "काका, अनजान लोग घर में, और आई अकेली. तेव्हाच तर पाहिजे ना कॅमेरा!" पोराचं म्हणणंही खोटं नव्हतं. भाऊंनी फोन ठेवला.

नर्सबाईंनी मात्र आपल्या परीनं उपाय काढला. पुढच्या गिऱ्हाइकाच्या आधी त्यांनी स्टुलावर चढून पाचही कॅमेऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. काम सव्वीस वर्षांच्या सरावाचं. एकेक वेटोळं सारखं, शेवटी चिकटपट्टी. भाऊ पाहायला आले तर घरभर जखमी कॅमेरे. "नर्सबाई, इंजेक्शनबी दिलं का यांले?" त्यांनी विचारलं.

हसू फार टिकलं नाही. हैदराबादेत लोकेशच्या फोनवर पाचही चौकटी एकापाठोपाठ पांढऱ्या झाल्या. त्यानं घाबरून शेजाऱ्यांना फोन केले. गिऱ्हाईक पडवीत पाय ठेवतं न ठेवतं, तोच शेजारचे चौघे काठ्या घेऊन अंगणात उतरले. त्या गिऱ्हाइकानं नंतर भाऊंचा फोनही उचलला नाही.

इकडे धान कापून झालं. किरनापूरच्या रस्त्याला ट्रॅक्टर दिसू लागले. चंपाबाईचा निरोप आला. नथ्थूची चुरणी, म्हणजे धानाची मळणी, आठ दिवसांत संपते, आणि घर पाहायला लांजीचा एक माणूस येऊन गेला. नर्सबाईंनी निरोप ऐकला. त्या दिवशी त्यांनी हैदराबादेला न्यायच्या साड्या वेगळ्या काढून ठेवलेल्या भाऊंना दिसल्या.

अशात राजेंद्रचं कुटुंब आलं. राजेंद्र बीज भांडारात कामाला. बायको नूतन शाळेत शिकवायची, रोज बसनं जायची-यायची. बरोबर त्याची आई शेवंताबाई, काठी टेकत पण ताठ. खोल्या पाहून झाल्या. भाऊंनी सवयीनं नर्सबाईंना चहाला नेलं. आशा नव्हती, पण रीत ती रीत.

परतताना फाटकापाशीच त्यांनी नर्सबाईंचा हात धरला. "थांबा! हलू नका."

आत भांडण जुंपलं होतं.

"आई, मी शाळेत, हे दुकानात. तुमी दिवसभर एकट्या. पडल्या-झडल्या तर आमाले कसं समजन?" हा नूतनचा आवाज.

"पडीन तं उठीन! तू तिकडं पोरांले पाढे शिकवता शिकवता मी किती भाकरी खाल्ल्या ते मोजशीन काय?"

"भाकरी कोण मोजते, आई!"

"मंग हा डोळा चुलीकडं काहून लावला?"

राजेंद्र मधेच म्हणाला, "अगं, पण घर तर चांगलं आहे ना?"

"तू चूप!" दोघी एकदमच म्हणाल्या.

भाऊंचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत कॅमेऱ्यासमोर कुणी भांडलं नव्हतं, आणि ह्या दोघी कॅमेऱ्यावरूनच भांडत होत्या! ते आणखी एका चहाला वळणार, तोच आतून काठीचा ठोका ऐकू आला. शेवंताबाईंनी काठी स्वयंपाकघराच्या दारावरल्या कॅमेऱ्याकडे उगारली होती.

"काहो बाबू, आयकून राह्यला का? बोलता येते म्हणे तुले."

 मग आवाज आला, "हौ, आजी. बोला."

"तुह्या मायले विचारलं होतं काय, हे लावाच्या आधी?"

 फाटकाशी नर्सबाईंनी कडीवर हात ठेवला. मग लोकेश म्हणाला, "नाही विचारलं. ती पडली होती, आजी. मी खूप घाबरलो होतो."

"घाबरला ते बराबर केलं," शेवंताबाईंचा आवाज उतरला. "पण विचारा लागत होतं."

तेव्हा नर्सबाई फाटक उघडून आत गेल्या. भाऊंना त्यांना अडवायचं होतं. मालकीण पंधरा मिनिटांच्या आत घरात शिरणं त्यांच्या रितीत बसत नव्हतं. पण बाई थेट मागच्या अंगणापर्यंत गेल्या आणि शेवंताबाईंना म्हणाल्या, "दोन वर्षं झाले, बाई. मी या उन्हात केस मोकळे सोडून बसली नाही. पोरगाच आहे, परका नाही. तरी नाही बसली. अन् त्याले सांगितलंबी नाही, त्याले वाईट वाटन म्हणून."

हे बोलताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. पण तो ऐकतो आहे, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

नूतन सासूकडे वळली. मघाचा ताठा गेला होता. "आई, फाटकावरचा एक ठेवू. कोण आलं ते तुमाले आतूनच दिसन. बाकीचे तुमी म्हणाल तसं."

"फाटकावरचा ठेव. मलेबी पाह्याचं आहे, दुपारी कोण बेल दाबून पळते ते." शेवंताबाईंनी खाटेसाठी पुढच्या खोलीतली खिडकी काठीनं दाखवली. "अन् माही खाट तिथं."

"तिथं तर मी टेबल ठेवणार होती!"

भाऊंनी हळूच गमछ्यानं तोंड पुसलं. घर विकलं गेलं होतं.

शेवंताबाईंची एकच अट होती. त्या राहायला येण्याआधी या घराचं चित्र कुठल्याही परक्या फोनवर दिसता कामा नये. लोकेश म्हणाला, सगळं हैदराबादेतूनच बंद करता येतं. पण तो आला. इसाराचिठ्ठीच्या दिवशी स्वतः स्टुलावर चढला, चार कॅमेरे काढले आणि फाटकावरचा आपल्या फोनमधून काढून टाकला. मागच्या अंगणातला काढताना तो बराच वेळ वरच उभा होता. खाली आल्यावर आईला म्हणाला, "यहाँ से तर कपडे सुखवायची तार आणि अर्धी विहीरच दिसायची, आई. मी सकाळी ऑफिसमध्ये पोचलो की तेच पाहायचो."

"अन् मी दिसली नाही तर?"

"दिसेपर्यंत पाहायचो."

नर्सबाईंनी त्याच्या केसांतली चुन्याची भुकटी झटकली. 

नथ्थूची शेवटची रास भरायच्या आधी किरनापूरचा सौदा झाला. सामान न्यायला टेम्पो केला, तेव्हा भाऊ हौसेनं पुढं बसून गेले. चंपाबाई भिंतीवरून ओरडली, "आली का वं सत्या? किती उशीर केला!" आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाली.

खाट लावून झाली, बुद्धाची तसबीर भिंतीला लागली, तोच फोन वाजला. लोकेश हैदराबादेत पोचला होता. भाऊंना पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आई, काय करून राह्यली?"

 दोन वर्षांत नर्सबाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडत नव्हती. मग त्या दारातल्या पायरीवर पाय पसरून बसल्या आणि सांगू लागल्या. टेम्पो कुठं फसला, चंपीनं वांगी कशी लावली आहेत, नथ्थू जाताना कसा रडला. टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. भाऊंनी परतायचं आहे म्हणून खूण केली. नर्सबाईंनी त्यांच्याकडे न पाहताच हात हलवला, थांबा जरा, आणि वांग्यांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.