मंडई होऊ दे

माझ्या वहिनीला दवाखान्यात न्यायचं ठरलं की आमच्या घरी आधी काहीतरी होऊ द्यायचं असायचं. रोवणी होऊ दे, मग निंदण होऊ दे, मग हलका धान कापून होऊ दे. शेवटी मंडई होऊ दे. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात लेकी, जावई, व्याही आणि व्याह्यांचेही पाहुणे येतात. दुपारी बाजार, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, पुढे नाटक, आणि घरोघरी जेवणाच्या पंगती. मी दिघोरीची लेक, लाखनीला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. दर मंडईला माहेरी यायचं, वहिनीच्या हातचं पोटभर जेवायचं आणि ओसरीत पाय पसरून गावच्या गोष्टी ऐकायच्या, हा माझा नेम होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्या पंगतीत मीही बसलेली होते.

वहिनीचं दुखणं सुरू झालं ते तिची आई गेली तेव्हा. तिचं माहेर बपेऱ्याचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निरोप आला तेव्हा आमच्याकडे रोवणी चालू होती. धानाचे पऱ्हे उपटून, जुड्या बांधून बांधीत, चिखल केलेल्या शेतात, टाकलेले होते. रोपं एकदा उपटली की ती कोणासाठी थांबत नाहीत. बायांची टोळीही सांगून ठेवलेली. दादा तिला घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला. चौथ्या दिवशी ती गुडघाभर चिखलात वाकून रोवत होती. आईसाठी तिला रडताना घरात कोणी पाहिलं नाही, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मोठ्या मनाची सून आहे म्हणाले. ते कौतुक आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर तिची झोप गेली. मान भरून यायची, छातीत धडधडायचं, भाजीत तिखट टाकलं की नाही हे आठवायचं नाही. बाबांचे पाय लुळे पडलेले, त्यांचं अंघोळपाणी, उठवणं-बसवणं तिच्याकडेच. रोवणी आटोपल्यावर एकदाचा दादा तिला लाखांदूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही तिथे गेले होते. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, बीपी फार वाढलंय. काय काम करता?

उत्तर दादाने दिलं. "काही नाही, घरीच रायते."

वहिनीने पदराने कपाळ पुसलं. मीही मान डोलावली. डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, मीठ कमी करा, आराम करा, टेन्शन घेऊ नका. टेन्शन काय बाजारात मिळतं, की बाईने थैली भरून घरी आणावं? आणि आराम कुठे करायचा हे कोणी सांगितलं नाही. पण मिठाचा सल्ला मात्र आमच्या घराने अगदी मनावर घेतला. दादा येता-जाता तिच्या ताटात डोकावायचा. "मीठ टाकलं तं नाही न?" झाला उपचार. ती अळणी वरण-भात खायची आणि उरलेलं घर तिच्याच हातचं चवीचं जेवायचं.

गोळ्या महिन्यात संपल्या. दुसऱ्यांदा लाखांदूरला जायला कापणी आडवी आली. घरात बीपीच्या गोळ्या होत्याच, बाबांच्या. मान जड झाली की वहिनी त्यातली एक घ्यायची, विळीवर दोन तुकडे करायची, अर्धा बाबांना आणि अर्धा स्वतः. मान हलकी असली तर घ्यायची नाही. रोवणीच्या टोळीतल्या दोघी-तिघी असंच करतात, तिने मला हसत सांगितलं. डोकं दुखलं की ज्याच्या घरी गोळी असेल त्याच्याकडून तुकडा आणायचा, हळदीकुंकवासारखा. मी शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवते. त्या दिवशी मी तिला एवढंच म्हटलं की वहिनी, असं करू नये. आणि चहा प्यायले.

मंडईच्या आदल्या दिवशी मी पोचले तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता. म्हटलं, "वहिनी, आताच चला माझ्यासंग. लाखनीले चांगला डॉक्टर हाय."

"मंडई होऊ द्या न बाई. पाहुने येऊन राहिले. मी गेली तं रांधन कोन?"

रांधेल कोण, या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. दोन धड हात होते. पण माझ्याच सासरची आठ माणसं दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होती आणि माझ्या माहेरची मान खाली जायला नको होती. मी म्हटलं, बरं, मंडई झाली की परवा नक्की.

मंडईच्या दुपारी तिसरी पंगत बसली होती. वहिनी कढईपुढे बसून सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळत होती, मी बाजूला लाटत होते. तिच्या हातातला झारा गळून पडला. तिने तो उजव्या हाताने उचलला, पुन्हा पडला. ती माझ्याकडे बघून हसली आणि ते हसू एकाच बाजूने आलं. पुढे काय झालं ते ऐका. शेजारची काकू म्हणाली, नजर लागली, एवढे पाहुणे. तिने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. दादा आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "थोडी पडू दे तिले. आता गाडी बोलावली तं समद्या गावात बोभाटा होईन. पंगत उठू दे."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावावर ओरडले, पाहुण्यांदेखत. "पंगत उठन, वहिनी उठन का?" तरीही गाडी निघायला तास गेला, कारण गाडी व्याह्यांना आणायला गेली होती. ज्यांच्या दोन मोटारसायकली दारात उभ्या होत्या ते भावकीतले जावई तोवर सुवाऱ्या खात होते.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. तपासून झाल्यावर तिने विचारलं, गोळ्या रोज घेत होत्या का. मी अर्ध्या तुकड्यांचं सांगितलं. ती वहिनीवरच चिडली. "स्वतःच्या तब्येतीबाबत इतक्या कशा हो निष्काळजी?" वहिनी सुन्न पडलेली, जीभ वळत नाही, आणि तिला निष्काळजी म्हणतात! जिने सासऱ्याच्या कुशी बदलण्याची वेळ कधी चुकवली नाही, तिला. डॉक्टर चुकीचं बोलत नव्हती, पण ते बोलणं चुकीच्या माणसाला होतं. मागे दादा उभा होता, मी उभी होते. आम्हाला कोणी काही बोललं नाही.

वहिनी वाचली. उजवा हात अर्धवट आला, बोलणं जड राहिलं. आता ती खुर्चीत बसते, गोळ्या वेळेवर मिळतात, पूर्ण मिळतात, आणि बाबांना बघायला पगारी बाई आहे. म्हणजे बाई ठेवता येत होती. येणारा-जाणारा तिला सांगतो, आता मस्त आराम करा. हे ऐकलं की मला पाटा उचलून फेकावासा वाटतो.

यंदा मंडई जवळ आली तेव्हा मी तिथेच होते. दादाने वहिनीपुढेच माझ्या भाचीला फोन लावला. ही त्यांची एकुलती एक लेक, भंडाऱ्याला नर्सिंगचं शिकते आणि तिची परीक्षा तोंडावर होती. दादा म्हणाला, "आठ दिवस आधी ये. कालेज काही पळून जात नाही. पाहुन्याइले कोन पाहीन?" पोरगी तिकडून काही बोलत होती. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, जडसा, तुटका. दादाने फोनवर हात ठेवला.

"काय म्हनते ते? समजून नाही राहिलं."

"समजलं तुले," मी म्हटलं. "नाही म्हनते ती."

वहिनीने पुन्हा म्हटलं, या वेळी डाव्या हाताने खुर्चीची दांडी घट्ट धरून, ओठ जुळवत. दादाने फोन कानाला लावला आणि लेकीला म्हणाला, राहू दे, परीक्षा दे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती तिच्या. त्या घरात तिच्या तोंडून हा शब्द सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकला, आणि तोवर तिला तो धड म्हणताही येत नव्हता.