घरात आणखी कोणाला खाज येते?

चेतना बी.एस्सी. होती, प्राणिशास्त्रात. शहाद्याच्या कॉलेजात तिने आठ पायांच्या जीवांची एक आकृती काढली होती, ती सरांनी पुढच्या दोन वर्गांना नमुना म्हणून दाखवली. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग एवढाच राहिला, की औषधाच्या खोक्यावरचं बारीक इंग्रजी वाचून घ्यायला गल्लीतली माणसं तिच्याकडे येत. ती वाचून सांगे. माणसं मान डोलवत आणि मेडिकलवाल्याने सांगितलेलं करत.

तिची मुलगी मोहिनी सोळा महिन्यांची. दिवाळीनंतर तिच्या बगलेत चार दाणे दिसले. सासू कौसाबाई म्हणाली, "उष्णता शे." संक्रांतीपर्यंत ही उष्णता पोट, तळहात, तळपाय आणि बोटांच्या बेचक्यांतून फिरून आली. पोर जागेपणी एका हाताने खाजवे, झोपेत दोन्ही हातांनी. सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके असत.

कडुनिंबाचा पाला उकळून झाला. करंजाचं तेल झालं. मेडिकलवाल्याने न बघताच दिलेली पांढरी ट्यूब झाली. तिने तीन दिवसांत कातडी अशी गुळगुळीत केली, की कौसाबाईने त्याला देवमाणूस ठरवलं. पाचव्या दिवशी सगळं दुपटीने वर आलं. एका डॉक्टरांनी वरचं दूध बंद केलं, दुसऱ्यांनी सुरू केलं. पोर अजून अंगावर पीत होती, म्हणून पथ्य आईकडे आलं. चेतनाने वांगं सोडलं, मग शेंगदाणे, मग लोणचं, मग तूरडाळ. पुरळ काही सोडेना.

शेवटी नंदुरबारच्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लागला. चेतना, मांडीवर मोहिनी, शेजारी कौसाबाई. मागच्या बाकावर दुसऱ्या गावची दोन माणसं, कान इकडे. डॉक्टरबाईंनी भिंगातून पोरीच्या बोटांमधली जागा पाहिली.

"घरात आणखी कोणाला खाज येते?"

"नही बाई, कोणलेच नही," कौसाबाई म्हणाली.

"तुम्हाला?" हे चेतनाला.

"नाही," चेतना म्हणाली आणि उजवा हात पर्सखाली घेतला.

"ही खरूज आहे."

कौसाबाई खुर्चीत ताठ झाली. "खरूज? आमना घरमा? बावीस एकर बागाईत शे आमनं!"

"आजी, किड्याला सातबारा वाचता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. एकाच संध्याकाळी, घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, मानेपासून पायाच्या नखापर्यंत मलम लावायचं. बाळाच्या डोक्यालाही. सकाळी आंघोळ. गोधड्या-कपडे उकळत्या पाण्यात. आठ दिवसांनी पुन्हा तसंच. "एक माणूस जरी राहिला, तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात."

परतीच्या एस.टी.त आवाज एवढा होता, की ओरडूनही कोणाला ऐकू गेलं नसतं. तरी कौसाबाई कुजबुजली. "हाई डॉक्टरीण खुळी शे. पोरले लाव. पन घरमा नाव काढू नको. आप्पा सोसायटीना चेअरमन शेतस. आनी काजलना माहेरना लोके काय म्हनतीन?" आप्पा म्हणजे सासरे, आणि काजल म्हणजे धाकट्या दिराची, नवनीतची, बायको. तिला घरात येऊन चार महिने झाले होते.

चेतनाने मान डोलावली. ही तिची चूक, पण पहिली नव्हे. पहिली डॉक्टरबाईंसमोरच झाली होती. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताच्या बेचक्यात दोन महिन्यांपासून खाज होती. काय असेल ते तिला कळत होतं. त्या प्राण्याला पाय किती, अंडी किती, तो कातडीत बीळ कसा करतो, हे तिला तोंडपाठ होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढचं वाक्य सासूने तिथेच पुरं केलं असतं: पोरीला आईपासून लागलं. हे वाक्य उभा जन्म घरात राहिलं असतं. म्हणून तिने विज्ञान पर्सखाली घेतलं.

मलम मोहिनीला एकटीला लागलं. सहा दिवस पोर शांत झोपली. दहाव्या दिवशी बेचक्यांत पुन्हा दाणे. दुसरी ट्यूब, पुन्हा तेच. तिसरी, पुन्हा तेच. दर खेपेला ट्यूबचं पुठ्ठ्याचं खोकं कुठेतरी गहाळ व्हायचं. चेतनाने ते उंदरांच्या नावावर टाकलं.

फेब्रुवारीत दाण्यांत पू झाला आणि ताप आला. डॉक्टरबाईंनी या वेळी भिंग काढलंच नाही. "हे सिरप पूर्ण संपवायचं. आणि रोज सकाळी हिचं तोंड बघा. डोळ्यांखाली सूज आली किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच मिनिटाला निघायचं. कधी कधी किडनीवर जातं." मग पेन खाली ठेवून त्यांनी तोच प्रश्न विचारला. तो संपायच्या आतच चेतनाच्या तोंडून "नाही" निघून गेलं. डॉक्टरबाईंनी तिच्या पर्सकडे जरा वेळ पाहिलं. बाहेर चाळीस पेशंट होते.

त्या दिवसापासून चेतनाच्या सकाळी बदलल्या. पोर उठली की तिला दारात उजेडात न्यायचं आणि डोळ्यांखाली बोट दाबून बघायचं. मोबाईलवर फोटो काढायचा, कालच्या फोटोशेजारी धरायचा. पांढऱ्या वाटीत लघवी धरायची आणि तो रंग कालच्या आठवणीतल्या रंगाशी ताडून बघायचा. आठवणीतले रंग भरवशाचे नसतात, म्हणून तिने वाटीचेही फोटो काढायला सुरुवात केली. एकदा नवऱ्याला, हेमकांतला, दाखवायला गेली. तो साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होता. गाळप हंगाम असल्याने घरी फक्त जेवायला आणि झोपायला येई.

"डावा डोया बारीक वाटस का तुमले?"

त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. "मोबाईल वाकडा धरेल शे तू."

"दोन्ही दिवस?"

"मंग पोर वाकडी झोपनी व्हयी." त्याने फोन परत दिला आणि फुल शर्टाच्या बाहीचं बटण लावलं. तो आताशा घरातही फुल शर्ट घालत असे. थंडी आहे म्हणे.

चौथ्या सकाळी चेतनाला खरंच वाटलं, की डोळ्याखाली बोट जरा जास्त रुततंय. तिने आणखी दाबलं, पोर रडली, रडल्याने डोळे सुजले, आणि मग काहीच कळेना. ती ओट्यावर पोरीला घेऊन बसून राहिली. पोर तिच्या खांद्यावर गाल घासून गालाची खाज भागवत होती. मग चेतना उठली. नाव न काढता जे करता येईल ते तरी करू, असं तिने ठरवलं. लग्नात काढायचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि जाहीर केलं, की आज घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुवायच्या.

"आज? अमावास्याले?" कौसाबाई म्हणाली.

"आजच," चेतना म्हणाली, आणि कोणी अडवायच्या आत घर उलथंपालथं करायला लागली.

पहिली ट्यूब आप्पांच्या घोंगडीत निघाली, अक्कलकुव्याच्या मेडिकलच्या पिशवीत. सासरे दोधूआप्पा मागच्या आठवड्यात बैलजोडी बघायला अक्कलकुव्याला गेले होते. घरातले बैल जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसरी देवघरात तसबिरीमागे होती, अर्धी पिळलेली, आणि तिच्याभोवती खोक्याचा कात्रीने कापलेला चौकोन गुंडाळलेला. कौसाबाईला वाचता येत नव्हतं; दुकानदाराला दाखवायला तिने नावच कापून नेलं होतं. तिसरी हेमकांतच्या डब्याच्या पिशवीत. चौथी काजलच्या लग्नातल्या सूटकेसमध्ये, ब्लाउजपिसांच्या घडीत.

चेतना गोधड्यांच्या ढिगावर बसली. चारही ट्यूबा तिने मांडीवर घेतल्या. नाव तेच, मोहिनीच्या ट्यूबवरचं. म्हणजे उंदीर निर्दोष होते. खोकी घरातल्यांनीच पळवली होती, प्रत्येकाने दुसऱ्या गावात जाऊन औषध आणलं होतं आणि आपापल्या सोयीच्या वाराला, कडी लावून, एकेकट्याने बरं व्हायचं ठरवलं होतं. आप्पा मंगळवारी बरे होत, तोवर काजलचा गुरुवार यायचा असे. मधल्या काळात मोहिनी या मांडीवरून त्या मांडीवर फिरे. किडे या घरात एकत्र कुटुंबपद्धतीने राहत होते. माणसं तेवढी वेगळी निघाली होती.

तिला हसू यायला हवं होतं. पोर अंगणात कण्हत होती, म्हणून ते आलं नाही.

संध्याकाळी हेमकांत आला तेव्हा सगळे पुढच्या खोलीत होते. चेतनाने चहाचा ट्रे आणून मधे ठेवला. ट्रेमध्ये चार ट्यूबा होत्या. आप्पांनी चष्मा लावला, मग काढला. काजलने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"पहिले मन्हं देखा," चेतना म्हणाली आणि उजवा हात बोटं फाकवून दिव्याखाली धरला. "माले तीन महिना व्हयनात. डॉक्टरीणले मी खोटं सांगं, दर टाइमले. खरूज शे."

"हळू बोल," कौसाबाई म्हणाली. "बाहेर आयकू यी."

"येऊ द्या. उद्या मन्ही पोरना डोयाखाले सूज उनी, तं ते बी बाहेर आयकू यी."

 मग काजल एकदम रडायला लागली. "माले वाटनं, नवी बहू शे, मीच माहेरथून लई उनू असं म्हनतीन."

"मी तं इन्हीच ट्यूब लाई ऱ्हायनू," नवनीत म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आप्पांनी घसा साफ केला. सोसायटीच्या सभेत ठराव मांडायच्या आधी करत तसा. "मी अक्कलकुवाले गयथू."

"बैल देखाले," कौसाबाई म्हणाली.

"बैल कोठे शेतस आपला?"

"तेच म्हनस मी. मंग कसाले गयथात?"

"तेच सांगी ऱ्हायनू ना."

हेमकांतने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटांवर ओळीने खपल्या होत्या. आता कौसाबाई तेवढी उरली. ती ट्रेकडे बघत बसली होती. अगदी हळू म्हणाली, "तीन ट्यूबी लायात मी. पन पाठले हात पुरत नही मन्हा."

चेतनाने ट्रेमधल्या दोन ट्यूबा हेमकांतच्या हातात दिल्या, दोन स्वतःकडे ठेवल्या.

पुरुष मागच्या खोलीत गेले, बायका पुढच्या. कौसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली आणि चोळीची गाठ सोडली. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत आडव्या रेघा होत्या, काही जुन्या, काही ओल्या. ही बाई एवढे महिने दाराच्या चौकटीला पाठ घासत होती आणि दुपारी तीच पाठ वाकवून मोहिनीला "घोडा घोडा" करत होती. चेतनाला सासूचा राग यायचा होता. चार दिवस तिने तो जपून ठेवला होता. ती मलम लावत राहिली.

"थंडा शे हात तुन्हा," कौसाबाई म्हणाली.

"दवा थंडी शे, माय."

"पोरले..." कौसाबाई म्हणाली आणि थांबली. "मन्हाकडथून व्हयनं व्हयी का तिले?"

चेतनाने खरं ते सांगितलं. "माहीत नही. मन्हाकडथून बी व्हयनं व्हयी."

औषधाच्या कागदावर लिहिलं होतं, की किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. चेतनाने ते तीनदा वाचलं. कागद वाचून झाल्यावरही पोर खाजवतच होती. पहिले तीन दिवस घरातला प्रत्येकजण तिच्याकडे असं बघे, की जणू कागद तिनेच लिहिला आहे. ती वाटी धरत राहिली, डोळ्यांखाली बोट दाबत राहिली. पाचव्या दिवशी पू वाळला. सातव्या दिवशी मोहिनी दुपारी दोन तास झोपली आणि एकदाच खाजवलं. सूज आली नव्हती. चेतनाने फोटो पुसले नाहीत.

आठव्या दिवशी दुसरी पाळी. आता सगळ्यांनाच बरं वाटत होतं, त्यामुळे कोणालाच वेळ नव्हता. नवनीतला मित्राकडे हळदीला जायचं होतं. आप्पांची मीटिंग होती. कौसाबाईने ओट्यावर उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"सात वाजाले सगळा जन घरमा! चेअरमन बी!"

समोरच्या घरातली तापीबाई मोहिनीला कडेवर घेऊन आपल्या दारात उभी होती. रोज संध्याकाळी चेतना भाकरी थापायला बसली की पोर तिच्याकडे असे. "काय वं कौसाबाई, पूजा शे का?" तिने विचारलं.

चेतना दारात आली. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

"पूजा नही," कौसाबाई म्हणाली, आणि आवाज जराही खाली आणला नाही. "खरूज शे. आख्खा घरले. दवा लावतस."

शेजारच्या घरातली भांडी घासायची थांबली. तापीबाई जागची हलली नाही. मग गल्ली ओलांडून ती ओट्याच्या पायरीशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नाव काय शे वं त्या दवानं?" बोलता बोलता तिचा मोकळा हात बगलेत गेला होता आणि तिथे तो स्वतःहून काम करत होता.

चेतना पायऱ्या उतरली. तिने मोहिनीला तापीबाईच्या कडेवरून काढून घेतलं आणि उजेडाकडे वळवलं. मनगटावर वाळलेल्या खपल्यांच्या बाजूला एक लाल दाणा होता. सकाळी तो होता की नव्हता? डास असेल. डासच असेल. पोरीने दुसरा हात त्या मनगटाकडे नेला, तो चेतनाने वाटेतच धरला.

"तापीबाई," ती म्हणाली, "तुमना घरमा माणसे किती?"

तापीबाई बोटांवर मोजू लागली. पहिला हात संपला, तिने दुसरा काढला.