यंदा उशी नको

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकासाठी गणपती कसा निवडतात, ते आधी सांगते. संवाद म्हणून घेत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. सभासदांच्या मुलांना हॉलमध्ये एका रांगेत उभं करतात आणि कार्यक्रम समितीच्या बायका रांगेवरून एकदा नजर फिरवतात. जे मूल सगळ्यांत जाड, ते गणपती. मग कुणीतरी 'मोरया' म्हणतं आणि त्या मुलाच्या आईने हात जोडून धन्य व्हायचं असतं.

माझी मुलगी सात वर्षांची असताना मी अशी पहिल्यांदा धन्य झाले, आणि मग दरवर्षी.

मी पुण्याची. लग्न होऊन बंगळूरला आले ती अशा घरात, ज्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्यात 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' असे कानडी शब्द इतके, की पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं लाल शाईने तपासत होते. अजूनही तपासते. समितीची सर्वेसर्वा म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा तिला अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणते. तिचं घर राजाजीनगरात, तिथून पाच मिनिटांवर मंडळाचा हॉल, आणि त्या हॉलमधल्या खुर्च्यांपासून प्रसादाच्या शिऱ्यापर्यंत सगळं तिच्या हुकमाने चालतं.

नाटक दरवर्षी तेच, पृथ्वीप्रदक्षिणेचं. कार्तिकेय मोरावर बसून जगाला फेरी मारायला निघतो, गणपती आपल्या आईबापांभोवती फिरतो आणि पैज जिंकतो. कार्तिकेय म्हणून एखादं काटकुळं, चपळ पोर घेतात. ते हॉलभर धावतं. गणपतीने फक्त डुलत चालायचं. डुलत, हा शब्द अक्काचा. डुललं की लोक हसतात, आणि देवाच्या नावाने हसलं की ते पुण्यातच जमा होतं, अशी मंडळाची समजूत असावी.

सातव्या वर्षी मुलगी काही फार जाड नव्हती. गोलमटोल म्हणावी इतपत. पोटाला उशी बांधावी लागायची. माझ्या जुन्या ओढणीने मी ती घट्ट बांधायचे, वर पिवळं पितांबर, तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा. नाटक संपलं की म्हाताऱ्या बायका रांग लावून खरोखर तिच्या पाया पडायच्या आणि ती मुखवट्याआड खुदुखुदु हसायची. तिला मजा यायची. मला अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

मग ती अकरा-बाराची झाली आणि लोकांना तिच्याबद्दल मतं फुटली. "हेल्दी आहे हो मुलगी," म्हणायचे. जाड म्हणायची हिंमत नाही आणि गप्पही बसवत नाही, अशा लोकांनी हा शब्द शोधून काढलाय. जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारी एक बाई आहे. तिला माझं नावही ठाऊक नाही. तिने मला सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी ताक, संध्याकाळी जिऱ्याचं पाणी असा अख्खा दिवस आखून दिला, सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत. मुलगी शेजारीच उभी होती. आहारतज्ज्ञाकडे गेलो तर ती बाई अर्धा तास माझ्याशीच बोलली. ही काय खाते, ही किती झोपते, हिला घाम येतो का. मी जणू बिघडलेला फ्रिज घेऊन गेले होते. बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ती माझ्याशी एकदाच बोलली. चप्पल काढून काट्यावर चढ, म्हणाली."

शाळेत ती थ्रोबॉल खेळायची आणि चांगली खेळायची. आठवीत गेल्यावर तिने ते सोडलं. का, तर संघाचा टी-शर्ट घट्ट होतो. मोठा मागवू म्हटलं तर म्हणाली, "साइझ सगळ्यांसमोर विचारतात." तिचा डबा भरलेला परत यायला लागला. वर्गात खायला बसलं की मुली तिच्या डब्यात डोकावतात, म्हणे. मग घरी आल्यावर ती खोलीचं दार लावून खायची. मी बाहेर उभी राहून बिस्किटांच्या पुड्याचा आवाज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अशाने ही बारीक कशी होणार! लिफ्टमधल्या बाईला नावं ठेवणारी मी ही अशी.

त्याच वर्षी तिने लेझीमचा ध्यास घेतला. मंडळात मोठ्या मुलींचं लेझीम पथक आहे. नऊवारी नेसून बारा मुली दोन रांगांत नाचतात. हिने मोबाइलवर बघून सगळे हात बसवले. लेझीम कुठून असणार घरी? कपड्यांचा हँगर दोन्ही हातांत धरून आरशासमोर करायची. एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं. ताल कुठेही चुकत नव्हता. बसून पुन्हा उठायचा तो अवघड हातसुद्धा तिने सहज केला आणि स्वतःशीच मान हलवली. दोन दिवसांनी माझ्याजवळ आली.

"आई, तू आत्याला सांगशील? मी सांगितलं तर ती हसण्यावारी नेईल."

"सांगते की," मी म्हटलं.

गणपतीला महिना राहिला असताना अक्काच्या घरी समितीची बैठक झाली. पाच-सहा बायका, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक, मग एकमेकींच्या सुनांची निंदा, आणि उरलेल्या वेळात कार्यक्रम. मुलगी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली. अक्काने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्या वर्षी उशी नको बघ हिला. आमचं काम स्वल्प कमी झालं."

सगळ्या हसल्या. एकीला तर ठसका लागला. त्या हसण्यात दुष्टपणासुद्धा नव्हता. दुष्टपणाला थोडी तरी अक्कल लागते. आणि मीही हसले. नणंदेच्या घरी हसावं लागतं म्हणून नव्हे, चांगली दात दाखवून. मुलीने ट्रे टेबलावर ठेवला, सगळे पेले नीट लावले आणि आत निघून गेली.

पुढे लेझीमची यादी वाचली गेली. अकरा नावं होती. एका मुलीची परीक्षा आडवी आली होती. अक्काने दोनदा विचारलं, "आणखी कोण पोरगी आहे का? सांगा की." माझ्याकडे बघूनही विचारलं. मी पेल्यातल्या कॉफीवरची साय बाजूला सारत बसले. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, नऊवारीतल्या अकरा सडसडीत मुली, त्यांच्यात माझी, आणि समोर मोबाइल वर करून चित्रण करणारे लोक. लोक हसतील आणि तिला लागेल म्हणून मी गप्प बसतेय, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मलाच ती त्या रांगेत बघायची नव्हती. मुखवट्याखाली ती मला बरी वाटत होती.

घरी जाताना कॅबमध्ये तिने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं गं. पण आत्या ऐकतच नाही. गणपतीला दुसरं कोणी नाही म्हणते."

ती "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. राजाजीनगर ते जे. पी. नगर, संध्याकाळची गर्दी, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. तेवढा सगळा वेळ मी अक्काची सालटी काढली. तिचं धेडगुजरी मराठी, तिची हुकूमशाही, तिचं ते डुलणं. हळूहळू मुलगीही सामील झाली. तिने आत्याची इतकी हुबेहूब नक्कल केली की आम्ही दोघी पोट धरून हसलो. कित्येक महिन्यांत ती माझ्याशी इतकी बोलली नव्हती. मला फार बरं वाटलं, हे सांगायची आता लाज वाटते.

कार्यक्रमाच्या दिवशी उशी बांधली नाही. पितांबर कमरेला पुरेना म्हणून मी दोन पिना लावल्या, आणि पिना लावताना तिने पोट आत ओढून श्वास धरून ठेवला. लेझीम आधी होतं. ती मुखवटा काखेत धरून पडद्यामागून बघत होती. दुसऱ्या रांगेत पाचच मुली होत्या, शेवटची जागा तशीच मोकळी. हिची बोटं पितांबरावर तालात हलत होती.

नाटकात ती डुलली नाही. शंकर-पार्वतीभोवती सरळ, शांत चालत गेली आणि नमस्कार करून उभी राहिली. हसायला तयार बसलेले लोक थोडे खट्टू झाले, मग टाळ्या वाजल्या. नंतर पाया पडायची रांग लागली. बैठकीत ठसका लागलेली बाई पुढे आली, वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "बाप्पा, माझं वजन तेवढं कमी कर रे!" मागच्या बायका खिदळल्या. देवाच्या पायांशी आणि एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर एकाच वेळी असं बोलता येतं, ही आमच्या मंडळाची खासियत.

मग अक्का आली. तिने मात्र डोळे मिटून मनापासून नमस्कार केला. उठून भाचीचे दोन्ही हात धरले. "पुढच्या वर्षीबी तूच, सरी?"

मुलीने मुखवटा वर केला. चेहरा घामाने भिजला होता. "आत्या, पुढच्या वर्षी मला लेझीममध्ये घे ना. ह्या वेळी आईने सांगितलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"मी? नाही म्हणाले?" अक्का माझ्याकडे बघायला लागली. "एका पोरीसाठी मी दहा घरी फोन केले. तुझ्या आईलाबी दोनदा विचारलं. ती काय बोलली नाही." मग मुलीच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत लाडाने म्हणाली, "तुला घेतलं नसतं का, पुट्टी? नऊवारी काय, कोणालाबी होते."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, मला वाटलं..." आणि तिच्या पितांबराची पिन सारखी करायला पुढे झाले. मागे दोन बायका पाया पडायला थांबल्या होत्या.

"आई, बाजूला हो," ती म्हणाली. तिने मुखवटा खाली ओढला आणि त्यांच्यासाठी पाय पुढे केले.