आईचे जंत आणि माझे जंतू

ऐंशी साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. मी पोलादपूरच्या शाळेत शास्त्र शिकवत होते आणि घरातही सगळ्यांना शिकवत सुटले होते. आईला मधुमेह निघाला तेव्हा तर माझ्या अंगात मास्तरीणच संचारली. शाळेतून एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि ते निळं औषध घरी आणलं. रोज सकाळी आईने लघवीची बाटली न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि मी त्यातले आठ थेंब निळ्या औषधात घालून उकळायचे. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर कल्याण! आईचं रोज लाल.

तिच्या पोटाचंही तंत्र बिघडलं होतं. सकाळची भाकरी संध्याकाळी ढेकरेत भेटायची. मध्येच असे जुलाब लागायचे, की बाई लोटा घेऊन धावत सुटायची. शेवटी तिला महाडच्या डॉक्टरांकडे नेलं.

"काकू, साखर वाढली की पोट मंदावतं," डॉक्टर म्हणाले. "अन्न आत साचतं आणि नको ते जंतू वाढतात. पोटात चांगले जंतूही असतात बरं, त्यांना सांभाळा. गोड बंद, ताक प्या. पंधरा दिवसांत फरक नाही पडला, तर मात्र मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल."

आईचा चेहरा पडला. मुंबईत माझा भाऊ चाळीत राहायचा. अख्ख्या मजल्याला दोन संडास आणि सकाळी डबे घेऊन ही रांग! परतताना एसटीत ती माझ्या कानाशी लागली, "मी मेले तरी जायची नाय. माझं पोट काय रांगेत उभं राहनाराय, गो?" मला हसू फुटलं, पण तिचे डोळे भरले होते.

मी भात मोजून वाढायला लागले. तरी आठवडाभर लालच, उलट जास्तच लाल. मग एकदा तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर हाताला गुळाची ढेप!

"आई, हे काय?"

"औषध हाय," ती ठणकावून म्हणाली. "डाक्टरच म्हनाला ना, पोटात जंत वाढलेत म्हनून? आधी गूळ खायचा. वासानं सगळे एका जागी गोळा होतात. मग वरून वावडिंग घ्यायचं, की मेले मेलेच!"

"अगं, जंत नाही, जंतू!"

"तेच गो. तू शिकलीस म्हनून एक ऊकार जास्त लावतेस."

बाबा ओटीवर बसून खो खो हसत होते. जन्मभर कशेडी घाटात एसटी चालवलेला माणूस. चहात तीन चमचे साखर, आणि पायाच्या अंगठ्याला चप्पल चावल्याची जखम, जी महिना उलटला तरी ओलीच होती. "मला बघ, घोड्यासारखा हाय!" असं आईला चिडवायचे.

मी गूळ जप्त केला आणि ताकाचा तांब्या आईपुढे ठेवला. तिनेही मग चांगले जंत पाळायला घेतले. "आज माझ्या जंतांनी दोन पेले घेतले," असं शेजारणीला सांगायची. तिची धावाधाव हळूहळू कमी झाली.

पंधराव्या दिवशी नळी दिव्यावर धरली आणि भडक लाल झाली. इतकं लाल मी कधी पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "परत गूळ खाल्लास! भर पिशवी, उद्याच मुंबई!"

"खोटी हाय तुझी नळी!" आई कडाडली. "ती बाटली माझी नायच! त्या रांगेच्या भीतीनं मी ह्यांची भरून ठेवली!"

कमरेवर हात ठेवून ती जिंकल्यासारखी उभी राहिली. मग ते हात हळूच खाली आले. आम्ही दोघींनी ओटीवर पाहिलं. बाबा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली.

आईची खरी बाटली चुलीमागे लपवलेली होती. ती तपासली, तर हिरवी! बाटली बदलली नसती, तरी बाई सुटलीच होती. मी तिला तसं सांगितलं, पण ती हसली नाही.

त्याच दिवशी महाडच्या डॉक्टरांनी बाबांचा अंगठा पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली. मुंबई, लगेच.

घरी आल्यावर आईने बाबांपुढे चहाऐवजी ताक ठेवलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. मग तिने ट्रंक उघडली आणि स्वतःची दोन लुगडी पिशवीत कोंबली.

"तू कुठे निघालीस? तुला नाही जायचं," मी म्हणाले.

"गप गो," ती म्हणाली. "ह्यांना त्या पायावर उभं राहवेल का? रांगेत ह्यांचा नंबर मी लावीन."