आवाज कुठं वाजवायचा

रांजणगावच्या कंपनीतून पहिली पाळी सुटली की शिरूरच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. इयरफोन कानात घालण्याआधी ती ओढणीनं पुसायची, रोज.

सासरे घरात गाऊ देत नाहीत म्हणून ती उसाच्या बांधावर जाऊन ओव्या गायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायची. हे ऐकून मला असला संताप आला! एके दिवशी तिनं बसमधूनच, इंटरनेटवरून दुरून चालवायच्या अ‍ॅपनं, घरी चालू असलेला तो कॉम्प्युटर मोबाइलवर उघडला. पडद्यावर ओवीची रेघ पुढं सरकत होती, कानात मात्र काहीच नाही.

“ताई, बघा की. आवाजच न्हाई.”

तिनं आवाज पार वर नेला. इयरफोन मी माझ्या मोबाइलला लावून पाहिला, तो ठणठणीत होता. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. ते इतके ओरडत होते की मलाही ऐकू आलं.

“तू कंपनीत, आन् घरात तुझा आवाज कसा? बंद कर त्ये!”

ओवी घरच्या स्पीकरवर वाजत होती.

मी घाईनं सेटिंग शोधलं. आवाज घरी वाजवायचा की मोबाइलवर, एवढंच निवडायचं होतं. मी मोबाइल निवडला. तिनं डोळे मिटून एक ओवी ऐकली, इयरफोन काढला आणि सेटिंग परत घरावर नेलं.

“अगं, झालं होतं की दुरुस्त!”

“व्हय. पर मी हितं हाय, आता गप कुणाला करत्याल?” फोन पुन्हा वाजला, तो तिनं मांडीवर पालथा ठेवला. “आन् त्यो कॉम्प्युटर बंद करायला घरात माझ्याबिगर कुणालाच येत न्हाई.”